नऊ माणसांचा कारखाना

बजरंग तिडके रोज सकाळी साडेनऊ वाजता कारखान्याच्या दारात उभा राहून माणसं मोजायचा. एक, दोन, तीन करत नऊवर आला की थांबायचा, आत-बाहेर नजर टाकायचा, एकदा स्वतःच्या पाठीमागं बघायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. अर्धापुरात लोक केळीचे घड मोजतात, भरलेल्या गाड्या मोजतात, निवडणुकीत मतं मोजतात. पण आपल्याच कारखान्यात एखादा माणूस जास्त तर आला नाही ना, म्हणून रोज मोजणी करणारा बजरंग पहिलाच.

कारखाना म्हणजे नांदेड रस्त्याला लागून असलेलं पत्र्याचं शेड. माउली चिप्स. कच्ची केळी सोलायची, हळद-मिठाच्या पाण्यात टाकायची, खिसणीवर घासून थेट कढईत सोडायची आणि पिशव्या भरायच्या. कामाला सगळ्या बायाच. बजरंग स्वतः कोणतं काम करायचा हे सांगणं अवघड आहे. तो लक्ष ठेवायचा. कशावर, ते दिवसागणिक बदलायचं.

मोजणीचा नाद लावला तो रेवणप्पांनी. शेजारच्या गाळ्यात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. त्याआधी देगलूरच्या कोर्टात ते बत्तीस वर्षं पट्टेवाले होते. बत्तीस वर्षं कायदा दाराबाहेर उभं राहून ऐकल्यामुळं तो आपल्याला आत बसलेल्यांपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आला, असं त्यांचं म्हणणं होतं.

"किती माणसं झाली तुमच्याकडं?" त्यांनी एक दिवस विचारलं.

"कमलम्मा आली मंगळवारपासून. नऊ."

रेवणप्पांनी झेरॉक्स मशीनचं झाकण हळूच खाली ठेवलं. "मग आता थांबा."

"काहून अप्पा?"

"नऊ लोक हायत तोवर तुमी माणूस. दहावा आला की तुमी आस्थापना."

हा शब्द बजरंगनं याआधी फक्त पाट्यांवर वाचला होता. तो आपल्याला कुणी लावेल असं त्याला वाटलं नव्हतं. रेवणप्पांनी मग बोटं मोडत सांगितलं. नऊपर्यंत नुसतं ऑनलाइन कळवलं की भागतं. दहा झाले की नोंदणी, हजेरीपट, प्रत्येकाला नेमणूक पत्र, ओळखपत्र, साप्ताहिक सुट्टीचा फलक, आणि बायांच्या तक्रारी ऐकायला एक समिती. तिची अध्यक्षसुद्धा बाईच.

"तक्रारी कुणाच्या इरोधात?"

"तुमच्या कारखान्यात बाप्या माणूस कोण हाय?"

"मी."

रेवणप्पांनी मशीनचं झाकण उघडलं आणि कुणाच्या तरी आधार कार्डाची उलटी बाजू काढायला सुरुवात केली.

(ही गोष्ट दहाचा आकडा होता तेव्हाची. तो पुढं वाढवला म्हणतात. बजरंगला अजून तसं कुणी लेखी दिलेलं नाही, म्हणून तो मानत नाही.)

"आणि आता इन्स्पेक्टर येत न्हाई," रेवणप्पांनी जाता जाता सांगितलं. "त्याचं नाव बदललंय. सुविधाकार म्हणतात."

"म्हंजे सोय करणारा?"

"हाव. हितंच गडबड हाय. इन्स्पेक्टर आला की तोंडावरून कळायचं. सोय करायला आलेला माणूस कुणासारखाबी दिसू शकतो."

त्या दिवसापासून बजरंगला सगळेच तसे दिसायला लागले. हसून बोलणारा तर हमखास.

आता यात एक अडचण होती, आणि ती कायद्यात कुठं लिहिलेली नव्हती. कच्ची केळी सोलणं हे काम असं आहे की ते नुसतं बघत उभं राहता येत नाही. अर्धापुरात कुणीही बाई दुसऱ्या बाईकडं बोलायला आली आणि तिथं काही निवडणं-सोलणं चालू असलं, तर ती बोलता बोलता खाली बसते आणि हात लावते. हात न लावता नुसती बोलून गेली, तर ती रुसली आहे असा अर्थ होतो. माउली चिप्समध्ये दिवसभर कुणी ना कुणी यायचं. शेजारीण यायची, तिची नणंद यायची, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या दोघी यायच्या, आणि जो तो हाताला खोबरेल लावून केळी सोलायला बसायचा. पोस्टमननं एकदा पाकिटावर सही मिळेपर्यंत अर्धी फणी सोलून ठेवली होती.

आजवर बजरंगला यात फुकटची मदत दिसत होती. आता त्याला त्यात दहावा, अकरावा, बारावा आणि पोस्टमन धरून तेरावा माणूस दिसायला लागला.

त्यानं बोर्ड लावला : "पाहुण्यांनी केळीस हात लावू नये. हुकमावरून."

हुकूम कुणाचा हे लिहिलं नव्हतं, त्यामुळं त्याला जरा वजन आलं. बायांनी बोर्ड वाचला आणि येणं कमी केलं. पत्रिका द्यायला आलेल्यांनी पत्रिका उंबऱ्यावर ठेवली. तेवढ्यात चाकूरहून पंचफुलाबाई आल्या. ही बजरंगची सख्खी आत्या. वय सत्तरच्या पुढं, हात रिकामा ठेवायची सवय नाही. पहिल्याच दिवशी तिनं पिशवी कोपऱ्यात टाकली, कमलम्माशेजारी बसकण मारली आणि विळी ओढली.

"आत्या, उठ. हात लावायचा न्हाई."

"काहून? माझ्या हाताला काय झालं?"

"नियम हाय."

"कुणाचा?"

"सरकारचा."

पंचफुलाबाईंनी दोन्ही हात पुढं करून उलटसुलट बघितले. "सरकारनं माझ्या हाताचं नाव घेतलं?"

शेवटी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. आत्या खुर्चीत बसून राहिली. खुर्चीत बसलेली आणि कुणाशीही न बोलणारी आत्या शेडमध्ये असली की केळीसुद्धा जपून सोलावी लागतात. दुपारी तिनं लेकाला फोन लावला. "बरी हाय. न्हाई, दुखत-खुपत काही न्हाई. हात बांधून बसवलंय मला बजरंगानं." संध्याकाळच्या आत चाकूरहून तीन फोन आले. तिसऱ्या फोनवर आत्याच्या लेकानं, बांधायला दोरी वापरली की धोतर, एवढंच विचारून ठेवून दिला. बजरंगनं हे सगळं कायद्यापायी सोसलं.

आणि याच आठवड्यात धम्मप्रियानं पत्र मागितलं.

धम्मप्रिया कढईवर असायची. माउली चिप्सचं जे काही नाव होतं ते तिच्या कानामुळं होतं. तेलात काप पडले की आधी खळखळाट होतो, मग तो कमी होत जातो, आणि तो पुरता बंद व्हायच्या नेमक्या आधी झारा घालायचा असतो. हा नेमका क्षण फक्त तिला ऐकू यायचा. एकदा ती बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेली होती, तेव्हा निघालेले चिप्स काही कडक, काही नरम आणि काही एकाच वेळी दोन्ही होते. नांदेडच्या दुकानदारानं ते परत पाठवताना सोबत चिठ्ठीही लिहिली नव्हती. चिठ्ठीची गरजच नव्हती.

"भाऊ, मला नेमणूक पत्र पाहिजे," ती म्हणाली. "मी हितं कामाला हाय, असं लिहून."

"कशाला?"

"पोरीला नांदेडात वसतिगृहात ठेवायचंय. अकरावी सायन्सला लागलीय. रोज जाऊन-येऊन दमती, बसमंदी झोपून पुढच्या स्टॉपवर जाती. ते वसतिगृह कामावाल्या बायांच्या लेकींसाठीच हाय. आई कामाला हाय असं पत्र लागतंय, तीस तारखेपातूर. एकच जागा राहिली म्हणाल्या तिथल्या बाई."

"बघू," बजरंग म्हणाला.

इतकं सरळ कारण ऐकल्यावर कुणाही विचारी माणसाला शंका आली असती. मुलगी आहे, वसतिगृह आहे, तारीख आहे, जागासुद्धा एकच उरली आहे. सगळं जिथल्या तिथं. बजरंगच्या अनुभवात खऱ्या गोष्टी एवढ्या व्यवस्थित कधीच नसत. तो तडक शेजारच्या गाळ्यात गेला.

"एक पत्र दिलं की नऊ द्यावी लागतात," रेवणप्पा म्हणाले. "नऊ पत्रं म्हंजे नऊ पुरावे."

"कशाचे?"

"ते कोर्टात उभं राहिल्यावर कळतं. आदी कधीच कळत न्हाई."

बजरंगनं धम्मप्रियावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. निदान त्याच्या कामाला आता एक निश्चित स्वरूप आलं. आणि लक्ष ठेवल्याबरोबर दिसायलाही लागलं. सोमवारी तिनं बाहेरच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीवरचा अन्न परवाना वाचत उभी होती, आणि तोही खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. तो परवाना खुद्द बजरंगनं कधी वाचला नव्हता. तो फ्रेम करून आणला होता आणि त्याच्या समजुतीप्रमाणं परवान्याचा उपयोग तेवढाच असतो. बुधवारी तिनं विचारलं, "भाऊ, आपली साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असती?"

"ज्या दिवशी केळी येत न्हाई त्या दिवशी."

"म्हंजे वार कोणता?"

"ते केळीला इचारावं लागंल," बजरंग म्हणाला. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. बजरंगनं शेजारचा गाळा गाठला.

"फोटो, परवाना, सुट्टी," रेवणप्पा डोळे मिटून म्हणाले. "केस तयार हाय. ती कार्यालयात जायच्या आदी तुमी जा. अर्ज देऊन ठेवा. पोच घेऊन ठेवा."

पोच हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या माणसाला धीर येतो. अर्जात काय आहे याला फारसं महत्त्व नसतं. दोघांनी मिळून अर्ज लिहिला. रेवणप्पांनी सांगितला आणि बजरंगनं टाइप केला.

"विषय : माझ्याकडे दहा माणसे नसल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, माझ्याकडे दहा माणसे नाहीत. पूर्वीही नव्हती. पुढेही ठेवण्याचा विचार नाही. तरी कोणी दहा असल्याचे सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, ही विनंती. सोबत : नऊ नावांची यादी."

नांदेडच्या कामगार कार्यालयातल्या लिपिकानं अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून अर्जदाराकडं बघितलं.

"तुम्हाला आमच्याकडून काही नोटीस आली का?"

"न्हाई."

"कुणी विचारलंय का काही?"

"न्हाई."

"मग?"

"खबरदारी म्हणून."

लिपिकानं शिक्का मारून पोच दिली. इतक्या सहजासहजी पोच मिळाल्यावर बजरंग अर्धापूरपर्यंत अस्वस्थ होता. कुणी हुज्जत नाही, कुणी 'उद्या या' नाही. काहीतरी शिजत होतं.

दिवस असेच गेले. धम्मप्रियानं मधे दोनदा आठवण केली आणि बजरंग दोनदा "बघू" म्हणाला. तीस तारीख उजाडली. सकाळी दहाला, पहिला घाणा तळून झाल्यावर, ती पदराला हात पुसत समोर आली.

"भाऊ, आज तीस तारीख. वसतिगृहाचं ऑफिस चारला बंद होतंय. मला बाराची बस गाठायची हाय. पत्र देता का न्हाई, ते साडेअकरापातूर सांगा."

"आणि न्हाई दिलं तर?"

"नांदेडात एक फरसाणवाला पत्रासकट कामावर घेतो म्हणलाय. मग मी तिकडंच जाईन. राग न्हाई भाऊ. पण लेकराची जागा जाईल."

ती आवाज न चढवता बोलली. बजरंगला खरी भीती वाटली ती त्याची. भांडणारा माणूस थांबतो. शांतपणे बसचा टाइम सांगणारा माणूस जातो. पत्र दिलं तर पुरावा, नाही दिलं तर कढई. तो रेवणप्पांकडं धावला.

तिथं वेगळंच प्रकरण उभं होतं. रस्त्याच्या पलीकडं काळा चष्मा घातलेला एक इसम हातात फाइल घेऊन माउली चिप्सच्या शेडकडं टक लावून बघत होता. वाकून बघत होता, मागं सरकून बघत होता, मधेच फाइलमध्ये लिहीत होता.

"आला," रेवणप्पा कुजबुजले.

बजरंगनं खुर्ची नेली. चहा नेला. चिप्सच्या दोन पिशव्या नेल्या. इसम बसला, चहा प्याला, चिप्स खाल्ले.

"साहेब, नाव काय आपलं?"

"कशाला?" इसमानं सावध होऊन विचारलं.

शंकेला जागाच उरली नाही. पुढचा तासभर बजरंग त्याला स्वतःच्या निर्दोषपणाबद्दल आडून आडून सांगत राहिला. आपल्याकडं सगळं कसं घरच्यासारखं आहे, बाया कशा बहिणींसारख्या आहेत, आत्या कशी खुर्चीत असते. इसम मान डोलवत राहिला. अखेर त्यानं चष्मा काढला आणि मुद्द्यावर आला.

"पत्रा किती फुटी हाय तुमचा? सोलरचे बारा प्लेट आरामात बसतील."

सव्वाअकरा झाले होते. बजरंगनं उरलेली चिप्सची पिशवी त्याच्या हातातून परत घेतली.

तो शेडमध्ये शिरला आणि सवयीनं मोजायला लागला. कढईवर धम्मप्रिया, एक. सोलायला कमलम्मा आणि चौघी, सहा. पिशव्यांवर तिघी, नऊ. कमलम्माशेजारी खाली मांडी घालून पंचफुलाबाई, दहा. आणि आत्याच्या शेजारी फिकट निळ्या सुती साडीतली एक अनोळखी बाई, कोपरापर्यंत हात ओले, भराभर केळी सोलत होती. अकरा.

"आत्या, तू खुर्चीतून उठलीस काहून?"

"बोर्ड पाहुण्यांसाठी हाय. मी आता पाहुणी राह्यले न्हाई. पंधरा दिवस झाले."

"आणि ह्या कोण?"

"वर्षाराणीची मैत्रीण हाय की." आत्यानं सुनेकडं बघितलं.

वर्षाराणी, म्हणजे बजरंगची बायको, पिशव्यांचे खोके मांडत होती. ती म्हणाली, "माझी? मला वाटलं चाकूरहून तुमच्याकडं आल्यात."

झालं होतं असं, की ही बाई तासाभरापूर्वी दारात येऊन उभी राहिली. आत्या तिला म्हणाली, "उभी काहून गं, बस. तेल लाव हाताला, चीक लागतो." बाईचं माहेर बागायतीतलं. समोर केळी, हातात सुरी. ती बसली. मग तासभर सगळ्या मिळून बोलत बसल्या. कोण किती वाजता येतं, सुट्टी कधी असते, पगार कोणत्या तारखेला होतो, कुणाच्या लेकीला कशाचं पत्र पाहिजे आणि ते कोण देत नाही, सगळं निवांत निघालं होतं.

"बाई, उठा," बजरंग म्हणाला. "हात काढा केळीतून. आधी नाव सांगा."

"सत्यशीला केंद्रे." बाईनं हातातलं केळं पूर्ण सोललं, पाण्यात टाकलं, हात पुसले आणि पिशवीतून ओळखपत्र काढलं. "कामगार कार्यालय, नांदेड. सुविधाकार. तुमचा अर्ज आला होता."



"दहा माणसं नसल्याचा?" बजरंगनं क्षीण आवाजात विचारलं.

"हाव, तोच. आजपातूर कुणी आपल्याकडं काय न्हाई ते कळवायला आलं न्हवतं. साहेब म्हणले, जाऊन बघून या, त्या माणसाला काही त्रास हाय का."

बजरंगनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. "मॅडम, ह्या आत्या हायत. ह्या मोजायच्या न्हाईत. शेजारच्या बाया येतात त्यापण न्हाईत. पोस्टमन तर मुळीच न्हाई."

"पाहुण्यांना कोण मोजतंय भाऊ? बोलायला आलेल्या बाईनं चार केळी सोलली म्हणून ती कामगार होत न्हाई."

पंचफुलाबाईंनी मान वळवली. "मग ह्यो बोर्ड कुणाच्या हुकमावरून लावला व्हता?"



"नऊच हायत तुमच्याकडं," मॅडम म्हणाल्या. "आता पगारपत्रक दाखवा, म्हंजे झालं."

पगारपत्रक बजरंगनं अभिमानानं दिलं. ते स्वच्छ होतं, प्लास्टिकच्या फाइलमध्ये होतं. मॅडमचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"बजरंग किशनराव तिडके, मदतनीस. हे कोण?"

"मीच."

"तुमी मालक ना?"

"हाव."

"परवाना तर वर्षाराणी तिडके यांच्या नावावर हाय. ऑनलाइन कळवलेलं बी त्यांच्याच नावानं. मालक त्या."

हे खरं होतं. बाईच्या नावावर उद्योग केला की कर्जात सवलत मिळते, म्हणून सगळे कागद वर्षाराणीच्या नावे झाले होते. वर्षाराणीनं भाजी निवडता निवडता जिथं बोट दाखवलं तिथं सह्या केल्या होत्या. पगारपत्रकातल्या नावाची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घ्यायची होती आणि फायनान्सवाल्याला पगाराचा कागद पाहिजे होता. म्हणून बजरंगनं स्वतःलाच कामावर ठेवलं. व्यवस्थापक लिहिलं असतं तर पदवी दाखवावी लागेल, अशी त्याला शंका आली. म्हणून मदतनीस.

"नवरा-बिवरा असं लिहिलं असतं तर धरलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "घरचा माणूस कामगारात येत न्हाई. पण हितं रकाना हाय, 'मालकाशी नाते'. त्यात तुमी 'नाही' लिहिलंय. खाली सही हाय."

"फायनान्सवाला म्हणला होता," बजरंग पुटपुटला. "नातं दाखवलं की पगार खरा वाटत न्हाई."

"म्हंजे नऊ आन् एक," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यात आधी कमलम्माला उलगडलं. ती देगलूरकडची, मोजक्या शब्दांत बोलायची. "अण्णा," ती केळं सोलता सोलता म्हणाली, "दहावे तुमीच की."

बजरंगला आपण महिनाभर दारात उभं राहून कुणाला अडवत होतो ते कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात वर्षाराणी जवळ आली होती. तिनं ओल्या हातानं पगारपत्रक घेतलं आणि वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"मालकाशी नाते, नाही."

"ते कागदापुरतं," बजरंग म्हणाला.

"मग दोन वर्षं त्या गाडीवर तुमच्या मागं कोण बसून राह्यलंय?"

सत्यशीला मॅडमनी नजर केळीच्या टोपलीकडं वळवली. सरकारी कामात अशा वेळी कुठं बघायचं हे त्यांना माहीत असावं.

धम्मप्रियानं घाणा काढला, झारा कढईच्या काठावर ठेवला. "मॅडम, नेमणूक पत्र कुणी द्यायचं असतं?"

"मालकानं."

नऊच्या नऊ बाया, आत्या आणि सुविधाकार वर्षाराणीकडं बघायला लागल्या. बजरंगही बघायला लागला, कारण दुसरीकडं बघायला काही उरलं नव्हतं. इतके दिवस तो जे देत नव्हता, ते देण्याचा अधिकारच त्याच्याकडं नव्हता.

"मला तर कुणी इचारलंच न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "कुठं करायची सही?"

साडेअकरा झाले होते. मॅडमनी मजकूर सांगितला, रेवणप्पांनी टाइप केला. नऊ पुराव्यांची भीती घालणारे रेवणप्पा सरकार समोर दिसताच एका दमात पहिला पुरावा तयार करून मोकळे झाले. प्रिंटरनं पहिला कागद खाल्ला. दुसऱ्यावर आडवी काळी पट्टी आली. धम्मप्रियानं वसतिगृहाचा अर्ज पुढं केला. त्यात आईच्या कामाच्या ठिकाणाचं पाटीवरचं पूर्ण नाव होतं, परवाना क्रमांक होता, आणि आईनं लेकीला भेटायचा वार ठरवण्यासाठी साप्ताहिक सुट्टीचा रकाना होता. तो रकाना कोरा होता.

"सुट्टी कोणत्या वारी लिहू?" धम्मप्रियानं विचारलं.

"गुरुवार," वर्षाराणी म्हणाली. बजरंगला इतक्या वर्षांत जो निर्णय जमला नव्हता तो तिनं शिक्क्याला शाई लावता लावता घेतला.

सही झाली. सहीशेजारी अंगठ्याचा चिकाचा डाग उमटला. तो तसाच राहू द्या, मॅडम म्हणाल्या, डागानं पत्र बाद होत न्हाई. बाराला पाच कमी असताना धम्मप्रिया स्टँडकडं पळाली. मॅडमनी बाकीचं समजावून सांगितलं. नोंदणी, दहा जणांना पत्रं, हजेरी, समिती. समितीची अध्यक्ष म्हणून बायांनी धम्मप्रियाचं नाव ती नसतानाच पक्कं केलं. जाताना मॅडम आत्याला म्हणाल्या, "येते मावशी." आत्यानं त्यांच्या पिशवीत सहा कच्ची केळी टाकायला घेतली. मॅडमनी ती बाहेर काढून ठेवली, ड्युटीवर चालत न्हाई म्हणाल्या. सुरी मात्र धुऊन दिली.

मग प्रश्न आला कढईचा.

"तुमी उभे रहा," वर्षाराणी म्हणाली.

"मी?"

"मदतनीस हायत ना?"

बजरंग उभा राहिला. काप टाकले की खळखळाट व्हायचा आणि कमी होत जायचा, इथपर्यंत त्यालाही ऐकू यायचं. त्याच्या पुढचं काहीच ऐकू येत नव्हतं. पहिला घाणा पांढरा निघाला, दुसरा तपकिरी. तिसऱ्यात दोन्ही रंग होते. वर्षाराणी प्रत्येक घाणा बघायची आणि न बोलता वेगळ्या टोपलीत ओतायला लावायची. दुपारभर ती त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली. दोन वाजता त्याला वाटलं, धम्मप्रिया परत येणार नाही. हातात पत्र आहे, अनुभव लिहिलेला आहे, फरसाणवाला वाट बघतोय. तीनला त्याची खात्री झाली. चारला त्यानं चौथी टोपली भरली.

साडेचारच्या बसनं ती आली. चप्पल दाराशी काढली, पदर खोचला आणि टोपल्यांकडं एकवार बघितलं.

"झालं का काम?" बजरंगनं विचारलं.

"झालं. खिडकीजवळची कॉट मिळाली पोरीला. जरा गॅस कमी करा, भाऊ. तेल वरडून राह्यलंय."

त्यानं गॅस कमी केला. तिनं झारा घेतला. बजरंग बाजूला सरकला, पण गेला नाही. ओट्याच्या कडेला बोटानं तेलाचा डाग पुसत उभा राहिला.

"धम्मप्रियाताई, ते पत्र... झेरॉक्स हाय का एखादी? जरासक बघायची होती. नमुना म्हणून."

तिनं कमरेच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढून दिला. बजरंगनं तो उजेडाकडं धरून वाचला. नाव, पद, कामाची वेळ, गुरुवारची सुट्टी. पाचव्या कलमावर तो थांबला. एक महिन्याची लेखी सूचना दिल्याशिवाय कामावरून कमी करता येणार नाही. त्यानं मान वर करून बघितलं. दाराजवळ वर्षाराणी आणि आत्या डोक्याला डोकं लावून काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या. बोलता बोलता दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडं बघितलं आणि परत बोलायला लागल्या.

बजरंगनं पाचवं कलम पुन्हा एकदा वाचलं.

"हे पाचवं," तो म्हणाला, "मला बी पाहिजे."

खळखळाट कमी होत आला होता. धम्मप्रियानं कान दिला, नेमक्या वेळी झारा घातला आणि पिवळेधमक काप वर काढले.

"मागून बघा," ती म्हणाली. "मालकीणबाई देतात. फक्त कशाला पाहिजे ते खरं सांगा."